पुढं जड, मागं हलकं

भिकमचंद शेठ वारले, त्यांच्या दोन मुलांनी वाटणी मागितली, आणि वाटणीच्या पहिल्याच बैठकीत थोरल्या निर्मलकुमारांनी धाकट्या अभयकुमारांचं गळ्याखालचं हाड तागडीच्या दांडीनं मोडलं. अभयकुमारांनी त्याच बैठकीत निर्मलकुमारांच्या डाव्या कानाची पाळी चावून तोडली. ती पुढं शोधूनही सापडली नाही. सगळ्यांनी चहा घेतला आणि बैठक पुढच्या गुरुवारवर टाकली.

एक मात्र आहे. दोघांनी एकमेकांना कधी अरे-तुरे केलं नाही. त्यांच्या आईनं, मोहनबाईंनी, वळणच तसं लावलं होतं. "भाईसाब, जरा मान इकडं करता का?" असं विचारून अभयकुमार ठोसा मारत, आणि निर्मलकुमार "आपण कशाला तसदी घेतलीत" म्हणत खुर्ची उचलत. जळगावातली पोरं लांबून ऐकायची आणि त्यांना वाटायचं, आत सोयरीक ठरतेय.

घराच्या मधोमध भिंत घातली गेली. दिवाणखान्यातला शिसवी झोपाळा करवतीनं कापला. दोघांच्या वाट्याला दोन-दोन कड्या आणि अर्धी फळी आली. अर्धा झोपाळा लोंबकळतो, त्यावर बसता येत नाही. तरी दोघंही रोज संध्याकाळी आपापल्या अर्ध्यावर बसत आणि पडत. भिंतीच्या दोन्ही बाजूंना धप्प, धप्प ऐकू आलं की समजायचं, सहा वाजले.

मी भटू, त्यांच्या पिकअपचा ड्रायव्हर. पिकअप मोहनबाईंच्या नावावर होती म्हणून वाटणीतून वाचली, आणि तिच्याबरोबर मीही वाचलो, नाहीतर मलाही करवत लागली असती. मी आठ वर्षांचा असताना माझी आई गेली. ती या घरात भांडी घासायची. त्या दिवसापासून मोहनबाईंनी स्वतः पहिला घास घेण्याआधी बाटीचा एक तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. चौदा वर्षं, रोज. मला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. तो तुकडा बंद झाला तेव्हा वाटलं.

एकोणसत्तर साली मार्गशीर्षात मोहनबाईंनी अन्न सोडलं. फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंत. अट एकच घातली: दोन्ही मुलं एका छपराखाली, एका ताटात जेवली, की त्या जेवतील.

अडचण छपराची होती. निर्मलकुमार अभयकुमारांच्या छपराखाली जाईनात, अभयकुमार निर्मलकुमारांच्या. धर्मशाळा म्हटलं, तर ती वडिलांनी बांधलेली, तिचीही वाटणी चालू. नातेवाईक म्हटलं, तर प्रत्येकानं कुणाची तरी बाजू घेतलेली. असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी नाडी बघितली आणि मला ओट्यावर नेऊन सांगितलं, "आज पोटात काही गेलं नाही तर उद्या मला बोलावू नका."

आज म्हणजे सूर्यास्ताच्या आत. साठ वर्षांत मोहनबाईंनी सूर्य मावळल्यावर तोंडात काही घातलं नव्हतं, आणि डॉक्टरांच्या भिडेखातर सूर्य थांबेल अशी चिन्हं नव्हती.

तेव्हा मला ट्रेलर आठवला. दीपनगरला वीजघराचं काम चाललं होतं तेव्हा एक परदेशी इंजिनियर चाकांवरची खोली घेऊन आला होता. पत्र्याची, पांढरी, आत पलंग, टेबल, पुढं-मागं काचेची खिडकी, खाली मधोमध एक आस आणि दोन चाकं. जाताना तो ती इथंच टाकून गेला, आणि भिकमचंद शेठनी ती घेतली. कशाला घेतली हे त्यांनाही शेवटपर्यंत सांगता आलं नाही. ती बाईंच्या नावावर होती. म्हणजे छप्पर कुणाचंच नव्हतं.

"पण खोली उभी कुठं करणार?" निर्मलकुमारांनी विचारलं. "गोदामाच्या आवारात अर्धी जागा अभयकुमारांची आहे."

"आणि अर्धी भाईसाबांची," अभयकुमार म्हणाले. "मी तिथं जेवणार नाही."

सरकारी रस्त्यावर उभी करायचं ठरलं. नाक्यावरचे हवालदार शालिग्राम आले, त्यांनी खोलीभोवती एक चक्कर मारली. "रस्त्यात खोली बांधता येत नाही," ते म्हणाले. "चालती असंल तर वाहन. उभी राहिली तर अतिक्रमण."

म्हणून ती चालती ठेवायची ठरली. रस्ता धुळ्याला जात होता. धुळ्यात, देवपूरला, बाईंची बहीण प्रेमकुंवर राहायची. तिथं पोचेपर्यंत जेवायचं.

खोली कशी ओढायची हे मला दीपनगरच्या झुलालनं शिकवलं होतं. तो त्या इंजिनियरचा ड्रायव्हर. "बठ्ठं जड पुढे ठेव, भो," तो म्हणायचा, म्हणजे सगळं जड पुढं. "मांगे जड व्हयनं ते खोलीच गाडीले हाकी." जोडाच्या खाली दोन साखळ्या फुलीसारख्या घालायच्या, म्हणजे जोड निसटला तरी खोलीचा दांडा साखळ्यांत अडकतो, जमिनीत रुतत नाही. उतारावर आधीच खालचा गिअर. आणि खोली शेपटीसारखी हलायला लागली तर ब्रेकला हात-पाय काही लावायचा नाही. पाय उचलायचा, चाक सरळ धरायचं आणि मनातल्या मनात सगळ्यांची माफी मागायची. शेवटचं झुलालचं स्वतःचं होतं.

साखळ्या मी घातल्या. जड पुढं ठेवायचं राहिलं.

कारण निर्मलकुमारांनी खडू मागवला आणि खोलीच्या जमिनीवर मधोमध आडवी रेघ मारली. वाटणीचा रिवाज असा की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. अभयकुमारांनी मागची अर्धी खोली उचलली, कारण दार तिकडं होतं. आणि मग त्यांनी आपल्या कापसाच्या पेढीतली बारा लोखंडी वजनं, दहा-दहा किलोची, हमालांकडून आत आणून मागच्या भिंतीला लावून ठेवली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"पेढीत सोडून आलो तर भाईसाबांचा मुनीम खालून घासून हलकी करील."

"मग निदान पुढं ठेवा. एकशेवीस किलो शेपटीला नको."

"पुढं भाईसाबांची हद्द आहे."

मी निर्मलकुमारांकडं बघितलं. त्यांनी आपल्या हद्दीत एक गादी, एक लोड आणि एक ताट ठेवलं होतं. "परक्याचा माल मी ठेवून घेत नाही," ते म्हणाले. "हलकं राहू द्या. मला हवा लागते."

ट्रेलर जोडला तेव्हा पिकअपचा मागचा भाग खाली बसायच्या ऐवजी वर उचलला गेला. मी शालिग्रामना म्हटलं, हे बघा. ते म्हणाले, चालती आहे ना? मग निघा.

बाई माझ्या शेजारी बसल्या. त्यांचं वजन तेव्हा वीतभर काठीएवढं राहिलं होतं, आणि काठी हातात वेगळी होती. मांडीवर पितळी डबा, त्यात स्वतःसाठी दोन बाट्या. केबिनच्या मागच्या काचेतून खोलीची पुढची खिडकी दिसायची, आणि बोलायला मी एक रबरी नळी टाकली होती, दोन्ही टोकांना एकेक नरसाळं. आत निर्मलकुमारांच्या बायकोनं केलेल्या वीस बाट्या, दाल आणि तुपाचं भांडं. दुपारचे दोन वाजले होते. ऊन पांढरं होतं. मी ताशी तीसच्या वर जायचं नाही असं ठरवलं.

पाळधीच्या आधी नरसाळ्यातून पहिला आवाज आला.

"ताट रेघेवर ठेवा, भाईसाब."

"रेघेवरच आहे."

"दोन बोटं आपल्याकडं आहे."

मग ताट वाजलं. मग कुणाचं तरी डोकं वाजलं. खोली डावीकडं गेली, उजवीकडं गेली, आणि पिकअपचं चाक माझ्या हातात जिवंत झालं. मी पाय उचलला. खोलीच्या मागच्या कोपऱ्यानं रस्त्याकडेचा मैलाचा दगड पाडला, एक कडब्याची गंजी निम्मी नेली आणि एका टपरीचं छप्पर उचलून टपरीवाल्यासमोर ठेवलं. त्याच्या हातात कुणाचं तरी पान अर्धं लावलेलं होतं, ते त्यानं स्वतःच खाल्लं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"मागं मारामारी चाललीय."

"ते ठाऊक आहे. खोलीला काय झालं?"

"तेच. दोघं मागं गेले. आधीच मागं लोखंड, त्यात दोन शेठ. दोघं मिळून साडेतीन मण."

बाई मागं वळून काचेतून बघत बसल्या. एरंडोलपर्यंत तशाच. खोलीत मात्र काम चालू होतं. निर्मलकुमारांनी लोडाची खोळ अभयकुमारांच्या डोक्यावर घालून वरून पितळी तांब्या हाणला. अभयकुमारांचे दोन दात गेले. एक नळीतून घरंगळत आला आणि माझ्या मांडीवर पडला. "क्षमा असावी," मागून आवाज आला. त्यांनी उलट निर्मलकुमारांचं बोट दाराच्या फटीत धरून दार लावलं. निर्मलकुमार किंचाळले ते भुसावळपर्यंत गेलं असेल. किंचाळल्यावर म्हणाले, "आपला हात फार जड झालाय. व्यायाम चालू आहे वाटतं."

"आपल्याच आशीर्वादानं."

एरंडोल गेल्यावर बाई म्हणाल्या, "भटू, पुढच्या खिडकीत दोघांची तोंडं दिसतात तेव्हा गाडी सरळ चालते."

"हो."

"दिसेनाशी झाली की हलते."

"हो बाई."

"म्हणजे दोघांनी पुढं मारामारी करायला पाहिजे."

मी रस्त्याकडं बघितलं. सहा दिवस उपाशी असलेली बाई, मुलांची मारामारी थांबावी म्हणून उपाशी, आणि तिनं नरसाळं तोंडाला लावलं.

"अभय," त्या म्हणाल्या, "निर्मल म्हणतो, तू दुसरीत असताना शाळेत चड्डी ओली केली होतीस."

अभयकुमार रेघ ओलांडून पुढं आले. खिडकीच्या काचेवर निर्मलकुमारांचं नाक चपटं झालेलं मला आरशात दिसलं. खोली सुतासारखी सरळ झाली.

अशी आमची चाळीस किलोमीटर गेली. मारामारी मागं सरकायला लागली की बाई नळीत काहीतरी सोडायच्या. निर्मलनं लपवलेली शेव. अभयनं फोडलेली चिमणी आणि निर्मलला बसलेला मार. कुणाच्या मुंजीला, चुकलो, यांच्यात मुंज नसते, कुणाच्या वाढदिवसाला कुणाला नवा सदरा. सत्तावीस आणि एकतीस वर्षांचा माल होता, संपत नव्हता. प्रत्येक वाक्यानंतर पुढं हाड वाजायचं आणि गाडी सरळ व्हायची. बोलून झालं की बाई नरसाळ्यावर हात ठेवायच्या, म्हणजे ऐकू येऊ नये. आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून, की आपला हुंदका त्यांना, ते मी विचारलं नाही.

पारोळा गेलं तेव्हा सूर्य डाव्या खिडकीत उतरला होता. धुळ्यापर्यंत पोचणार होतो, पण जेवण? ताट अजून रिकामं. बाईंचे ओठ पांढरे पडले होते, आणि काठीवरचा हात सारखा घसरत होता.

"बाई, पाणी घ्या."

"गाडी चालव."

पुढं उतार लागला. लांब, वाकडा नव्हता, पण उभा. खाली नाला आणि नाल्यावर अरुंद फरशीपूल, दोन्ही बाजूंना कठडा नाही. फरशीवर, अगदी मधोमध नाही पण मधोमधच्या जवळ, कापसानं भरलेली बैलगाडी. गाडीवान गाठोड्यावर पाठ टेकून झोपलेला. मी खालचा गिअर टाकला. इंजिन ओरडलं. त्याच वेळी मागं निर्मलकुमारांना काय झालं कोण जाणे, त्यांनी डोकं खाली घालून अभयकुमारांना पोटात ढुशी दिली आणि दोघंही गडगडत मागच्या भिंतीवर, वजनांवर, जाऊन आदळले.

खोलीनं शेपूट हलवलं. पहिल्यांदा हातभर. मग दोन हात. मग पिकअपचं मागचं चाक रस्त्यावरून उचललं आणि परत टेकलं, आणि मला माझ्याच खोलीचा मागचा कोपरा उजव्या खिडकीत शेजारून चाललेला दिसला. ब्रेकवर पाय जायला बघत होता. मी त्या पायाला शिव्या दिल्या. ब्रेक दाबला असता तर खोलीनं आम्हाला चाकूच्या पात्यासारखं मिटवून नाल्यात टाकलं असतं, आणि झोपलेल्या गाडीवानाला बरोबर घेतलं असतं.

"बाई, वजन पुढं! कसंही! वजन पुढं!"

बाईंनी नरसाळं दोन्ही हातांनी धरलं.

"निर्मल! ताट पुढं आहे. सूर्य चाललाय. तू एकटाच जेव. अभयला एक घास देऊ नकोस!"

निर्मलकुमार उठले. खिडकीत त्यांचं रक्तानं भरलेलं तोंड दिसलं, हातात ताट.

"आणि अभय," बाईंचा आवाज फाटला, "तुला लहानपणापासून नेम नाही! आंब्यावर दगड मारलास तर शेजारच्याचं कौल फुटायचं. निर्मलला एक दगड लागला नाही कधी तुझा! एक!"

पहिलं वजन पुढच्या भिंतीवर आदळलं तेव्हा पिकअपच्या पाठीत कुणी हातोडा मारावा तसं वाटलं. पत्रा आतून फुगला.

"चुकला!" बाई ओरडल्या. "बघ, चुकला!"

दुसरं. तिसरं निर्मलकुमारांच्या पायावर पडलं, ते कळलं, कारण ते म्हणाले, "उत्तम." चौथं खिडकीच्या चौकटीवर, खोलीची आणि केबिनची, दोन्ही काचा आमच्या मानेवर आल्या. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या धाकट्याला त्याचा नेम कसा चुकतो ते सांगत होत्या. पाचवं, सहावं. निर्मलकुमार गुडघ्यावर. "आपल्याला माझ्याबद्दल काही मनात असेल तर बोलून टाकावं," ते म्हणाले, आणि सातवं आलं. आठव्यानं त्यांचं उजवं मनगट मोडलं. सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज नळीतून आला. बाईंनी डोळे मिटले, पण नरसाळं सोडलं नाही.

"अजून चार आहेत," त्या म्हणाल्या. "फेक."

नववं. पिकअपची पाठ हळूहळू खाली बसायला लागली. दहावं. शेपूट दोन हातांवरून हातभर. अकरावं. वीतभर. बारावं फेकून अभयकुमार त्याच्याबरोबरच पुढं पडले, कारण आता त्यांच्याकडं फेकायला स्वतःशिवाय काही उरलं नव्हतं.

खोली सरळ झाली. आम्ही फरशीवर उतरलो आणि बैलगाडीच्या बाजूनं चार बोटं अंतर ठेवून गेलो. गाडीवान जागा झाला. तो लोटन होता, पारोळ्याकडचा, माझ्या ओळखीचा. "काय रे भटू, आंधया शेस का?" तो ओरडला. मग खोलीची फुटलेली खिडकी, त्यातली दोन रक्ताळलेली तोंडं त्याच्या समोरून गेली. दोघांनीही त्याला नमस्कार केला. तो परत झोपला.

चढावर मी गाडी बाजूला घ्यायला लागलो तर आतून दोघांचा एकदम आवाज आला.

"थांबू नका!"

"इथली जमीन मामांची आहे," अभयकुमार म्हणाले.

"आणि मामा अभयकुमारांच्या बाजूचे आहेत," निर्मलकुमार म्हणाले.

म्हणून मी वीसच्या वेगानं चालत राहिलो. सूर्य जमिनीपासून दोन बोटं वर होता. काच नव्हती, त्यामुळं आता सगळं स्पष्ट दिसत होतं. दोघं वजनांच्या ढिगावर बसले होते, कारण पुढच्या अर्ध्यात बसायला दुसरी जागा उरली नव्हती. ताट मधे. एका बाजूनं वाकलेलं. दाल जमिनीवर गेली होती, बाट्यांपैकी सात राहिल्या होत्या, दोहोंवर लोखंडाचा छाप होता.

"निर्मल," बाई म्हणाल्या. "जेव."

निर्मलकुमारांनी मोडलेला उजवा हात दाखवला. मनगटापुढं तो भलतीकडंच बघत होता.

"डाव्यानं."

"बाई, डाव्या हातानं मी कधी जेवलोय का?"

सूर्य दीड बोट.

अभयकुमारांनी बाटी उचलली. कुस्करली, सवयीनं तूप शोधलं, मिळालं नाही. "भाईसाब," ते म्हणाले, "तोंड उघडा."

"आपण वजन घालणार नाही याची खात्री?"

"वजनं संपली."

त्यांनी घास अशा ताकदीनं कोंबला की निर्मलकुमारांचं डोकं मागच्या पत्र्यावर आपटलं. दुसरा घास आणखी जोरात. निर्मलकुमार चावत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि चौथ्या घासाला त्यांनी अभयकुमारांची बोटं चावली. अभयकुमारांनी ती काढून घेतली नाहीत. मग त्यांनी स्वतः एक घास घेतला. दोन दात नसल्यामुळं तो बराच वेळ तोंडात फिरत राहिला. सूर्याची कड शेताला टेकली होती तेव्हा त्यांनी गिळला.

बाईंनी डबा उघडला. झाकण माझ्या पायाशी पडलं. त्यांनी बाटी मोडली, पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला, आणि मग दुसरा स्वतःच्या तोंडात घातला. मी तुकडा खाल्ला. चाक एका हातानं धरलं होतं, पण गाडी हलली नाही.

पांझरेचा पूल लागला तेव्हा आभाळ तांबडं होतं आणि बाईंचा डबा बंद झाला होता. नरसाळ्यात खरखरलं.

"भाईसाब, माझी वजनं आपल्या हद्दीत पडली आहेत. परत द्यावीत."

"आपणच पाठवलीत."

मग ताट वाजलं. त्यानंतर जो आवाज आला तो ताटाचा नव्हता.

बाईंनी नरसाळं घेतलं. सहा दिवसांनंतर त्यांचा आवाज पहिल्यांदा पोटातून आला.

"वजनं तिथंच राहतील. उद्या परत जळगावला जायचंय. खोलीत कोण कुठं बसणार, काय कुठं ठेवणार, ते भटू सांगेल. रोज एका ताटात जेवायचं. आणि मारायचं असेल तर पुढं मारा. मागं कुणी गेलं, तर मी गाडीतून उतरेन आणि पुन्हा अन्न सोडीन."